उन्हाकडे तोंड करून वसलेले गाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फ्रेंच आल्प्समधील सँ-व्हेराँ या गावाचे एक छायाचित्र मागील अंकात चार ओळींच्या टिपेसह छापले होते. दगडी तळमजले, त्यांवर काळ्या पडलेल्या लाकडाचे उंच माळे आणि एकाच बाजूला तोंड करून ओळीने उभी असलेली घरे एवढेच त्या चित्रात होते. परंतु त्यावरून आलेल्या पत्रांची संख्या पाहता हे सदर या वेळी त्या एकाच गावाला द्यावे असे ठरवले. मिळत्याजुळत्या प्रश्नांची एकत्र मांडणी केली आहे.

प्रश्न : टिपेमध्ये सँ-व्हेराँचा उल्लेख ‘युरोपातील सर्वांत उंच गाव’ असा होता. स्वित्झर्लंडमधील युफ हे गाव त्याहून उंच असल्याचे माझ्या वाचनात आले आहे. खरे काय?

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे आणि टिपेतील विधान सैल होते. सँ-व्हेराँ समुद्रसपाटीपासून सुमारे २,०४० मीटर उंचीवर आहे, तर युफची वस्ती सुमारे २,१२६ मीटरवर आहे. मात्र युफ ही आव्हर्स या मोठ्या ग्रामपालिकेतील एक वाडी आहे, आणि सँ-व्हेराँ हे स्वतःचा मेअर, स्वतःची सभा व स्वतःची हद्द असलेले पूर्ण ‘कम्यून’ आहे. फ्रान्समधील सर्वांत उंचावरील कम्यून हा त्याचा मान निर्विवाद आहे. ‘जिथे देवाची भाकर खाल्ली जाते असे सर्वांत उंच ठिकाण’ हे गावाचे जुने बिरुद चर्चमध्ये प्रसाद म्हणून दिल्या जाणाऱ्या भाकरीच्या संदर्भात आहे, आणि ‘इथल्या कोंबड्या चांदण्या टिपतात’ अशी दुसरी एक म्हण त्या भागात ऐकवली जाते. माझ्या मते उंची ही या गावाची सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. आल्प्समध्ये याहून खाली असलेली कितीतरी ठिकाणे माणसाला राहण्यास याहून अवघड आहेत. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : एवढ्या उंचीवर, नदीपासून दूर, उतारावर गाव वसवण्याचे कारण काय असावे? खाली दरीत सपाट जागा नव्हती का?

उत्तर : सँ-व्हेराँ हे फ्रान्सच्या आग्नेय भागात, ओत-आल्प जिल्ह्यातील केरास या खोऱ्यात आहे. गावाखालून एग ब्लाँश नावाचा ओढा वाहतो, पुढे तो दुसऱ्या प्रवाहांसह गील नदीला मिळतो आणि गील नदी एका अरुंद, खोल घळीतून गिलेस्त्र या गावाकडे बाहेर पडते. पूर्वेला इटलीची सीमा आहे. डोंगररांगांनी वेढलेले असल्यामुळे अटलांटिककडून येणारे ओले वारे इथे पोहोचेपर्यंत बरेचसे कोरडे होतात आणि म्हणून ही दरी तिच्या उंचीच्या मानाने कोरडी व भरपूर उन्हाची आहे. अपवाद आहे तो इटलीकडून सीमा ओलांडून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्याचा. त्याला तिथे ‘लोंबार्द’ म्हणतात. तो आला की एकदोन दिवसांत प्रचंड बर्फ पडते. जून १९५७ मध्ये अशाच पूर्वेकडच्या पावसाला वितळत्या बर्फाची साथ मिळाली आणि गील नदीच्या पुराने खोऱ्यातील रस्ते, पूल व घरे वाहून नेली. दरीच्या तळाशी सपाट जागा असूनही जुनी माणसे तिथे घर बांधायला का कचरत असत, याचे अर्धे उत्तर त्या पुरात आहे.

उरलेले अर्धे उत्तर उन्हात आहे. आल्प्समधील शेतकऱ्यांच्या बोलीत डोंगराच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र शब्द आहेत : दक्षिणेकडे तोंड असलेली उन्हाची बाजू म्हणजे ‘आद्रे’ आणि उत्तरेकडे तोंड असलेली सावलीची बाजू म्हणजे ‘युबाक’. हा भेद किती मोठा आहे हे साध्या हिशेबाने दाखवता येते. सँ-व्हेराँचा अक्षांश ४४.७ अंश उत्तर असल्यामुळे डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो. सपाट जमिनीवर त्याचे किरण तेवढेच तिरपे पडतात. परंतु दक्षिणेकडे २० अंशांचा उतार असेल तर तेच किरण जमिनीशी ४२ अंशांचा कोन करतात आणि प्रत्येक चौरस मीटरला सपाट जमिनीच्या पावणेदोन पटींहून अधिक ऊन मिळते. उत्तरेकडे तेवढाच उतार असेल तर कोन उरतो फक्त दोन अंशांचा, म्हणजे सूर्य आकाशात असूनही जमिनीला तो जवळपास नसल्यासारखाच. म्हणून समोरच्या युबाकवर लार्च या सूचिपर्णी झाडांचे जंगल राहिले आणि आद्रेवर गाव, शेते व गवताची कुरणे आली. दरीच्या तळाशी आणखी एक अडचण असते : थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतरून तिथे साचते, त्यामुळे हिवाळ्याच्या निरभ्र पहाटे वरच्या उतारापेक्षा खालची जागाच अधिक गोठलेली असू शकते.

प्रश्न : चित्रातील घरांचा वरचा भाग एवढा प्रचंड आणि लाकडी, आणि राहण्याचा भाग इतका ठेंगणा का आहे? लाकडी घरे आगीला बळी पडत नाहीत का?

उत्तर : वरचा भाग माणसांसाठी नसून गवतासाठी आहे. हिवाळा सहा महिन्यांहून अधिक चालतो आणि तेवढे दिवस गुरे गोठ्यात बांधून ठेवावी लागतात. त्यांना लागणारे वाळलेले गवत उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत कापून, वाळवून, घरात भरून ठेवावे लागते. त्यामुळे घराचा आकार गोठ्यात किती गुरे आहेत यावर ठरत असे. लार्चचे पूर्ण ओंडके एकमेकांवर आडवे रचून आणि कोपऱ्यांत खाचांनी अडकवून बांधलेल्या या माळ्याला ‘फ्यूस्त’ म्हणतात. लार्चच्या लाकडात राळ भरपूर असते, त्यामुळे ते रंगरोगणाशिवाय शतकानुशतके टिकते आणि उन्हाने भाजून चित्रात दिसते तसे काळपट तांबूस होते. खाली जाड दगडी भिंतींच्या आत माणसे आणि जनावरे एकत्र राहात. वर गवताचे जाड आवरण, खाली गुरांच्या अंगाची ऊब : घर गरम ठेवण्याची सोय एवढीच होती, आणि ज्या भागात सरपण जपून वापरावे लागते तिथे ती पुरेशी शहाणपणाची होती. गावात १६४१ सालचे एक घर आता संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. तेथील मुक्कामाच्या खोलीत माणसाचा पलंग आणि गाईची दावण यांच्यातले अंतर पाहिले की ‘एकत्र’ या शब्दाचा अर्थ कळतो. ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत एखाद्या घरात चालू होती.

फ्यूस्तच्या दर्शनी बाजूला असलेल्या लांबलचक लाकडी सज्ज्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. ते बसण्यासाठी नाहीत. या उंचीवर राय नावाचे धान्य पिकवले जात असे आणि उन्हाळा इतका आखूड की ऑगस्टच्या सुमारास पेरलेले बी पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कापणीला येई. म्हणजे पीक वर्षभराहून अधिक काळ जमिनीत राही आणि नव्या पेरणीच्या वेळी शेजारच्या शेतातले जुने पीक उभेच असे. तरीही कणसे कित्येकदा पुरती पिकत नसत, आणि थंडी सुरू होण्याआधी ती कापावीच लागत. अशा हिरवट पेंढ्या सज्ज्यांवर एकीवर एक रचून दक्षिणेच्या उन्हात ठेवायच्या आणि शेतात राहिलेले पिकणे घराच्या भिंतीवर पूर्ण करून घ्यायचे, यासाठी ते सज्जे होते. आल्प्समध्ये अनेक ठिकाणी वसंतात शेतावरच्या बर्फावर काळी माती विखरून टाकत. काळा रंग ऊन शोषून घेतो आणि बर्फ काही दिवस आधी वितळते. काही दिवस म्हणजे किरकोळ वाटेल, पण ज्या ठिकाणी पीक तेवढ्याच दिवसांनी हुकते तिथे तो वर्षाच्या भाकरीचा प्रश्न असतो. त्याच जिल्ह्यातील व्हिलार-दारेन या गावात रायच्या पिठात उकळते पाणी घालून केलेली काळी पावभाकर वर्षातून एकदा, नोव्हेंबरमध्ये, सामाईक भट्टीत भाजत असत, आणि ती परंपरा तिथे अजूनही जपली आहे.

आगीबद्दलची आपली शंका अगदी बरोबर आहे. गवताने भरलेला लाकडी माळा म्हणजे पेटण्याची वाट पाहणारी गंजीच. म्हणून गाव सलग बांधलेले नाही. ते पाच मोहल्ल्यांत विभागले आहे आणि दोन मोहल्ल्यांच्या मधली जागा मोकळी ठेवली आहे. एक मोहल्ला पेटला तर दुसरा वाचावा हा उद्देश. प्रत्येक मोहल्ल्याला आपले पाण्याचे ठिकाण होते. लार्चच्या खोडाची डोणी आणि तिच्यात अखंड पडणारी धार अशी ही पाणवठ्यांची रचना आजही पाहायला मिळते. धार बंद करायची नाही, कारण वाहते पाणी लवकर गोठत नाही.

प्रश्न : घरांच्या भिंतींवर रंगवलेली सूर्यघड्याळे दिसतात. ती आजच्या घड्याळाप्रमाणे चालतात का?

उत्तर : चालतात, पण आजच्या घड्याळाप्रमाणे नव्हे. फ्रान्सचे हिवाळ्यातील घड्याळ १५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेले आहे आणि सँ-व्हेराँ सुमारे ६.९ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटे मागे असतो, आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केल्यावर दीड तासाहून थोडा अधिक मागे. यात पृथ्वीच्या कक्षेमुळे पडणारा हंगामी फरक मिळवावा लागतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास घड्याळात पाऊण वाजला असता भिंतीवर मध्यान्ह होते, तर नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबारालाच. १८९१ साली सर्व फ्रान्ससाठी पॅरिसची वेळ कायद्याने लागू होईपर्यंत हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक गावाची दुपार त्याची स्वतःची होती आणि चर्चचे घड्याळ बिघडले तर ते भिंतीवरच्या सावलीवरून लावून घेत असत. केरास आणि जवळचे ब्रिआंसों शहर यांच्या परिसरातील अनेक उत्तम सूर्यघड्याळे एकोणिसाव्या शतकात झारबुला या इटलीतील पिएमाँते प्रांतातून आलेल्या फिरत्या चित्रकाराने रंगवली आहेत. ओल्या गिलाव्यावर काढलेली त्याची पाखरे आणि फुलदाण्या अजूनही सहज ओळखू येतात.

प्रश्न : असे दुर्गम गाव जगापासून तुटलेले, निरक्षर आणि दरिद्री असले पाहिजे. तेथे शिक्षण केव्हा पोहोचले?

उत्तर : या प्रश्नातील गृहीत मला मोडून काढावेसे वाटते, कारण घडले ते नेमके उलट. १३४३ साली दोफिने प्रांताचा शासक अँबेर दुसरा याला पैशांची निकड होती. ब्रिआंसोंच्या आसपासच्या डोंगरी गावांनी त्याच्याकडून रोख रक्कम आणि वार्षिक खंडणीच्या बदल्यात आपले स्वातंत्र्य लेखी विकत घेतले. सरंजामी सेवेतून मुक्तता, आपले कारभारी आपण निवडण्याचा हक्क आणि आपसांत कर वाटून घेण्याचा अधिकार त्यांना मिळाला. कराची ही वाटणी ज्या गटांत होई त्यांना ‘एस्कार्ताँ’ म्हणत. असे पाच गट होते आणि त्यांपैकी एक केरास. आज ज्याला आपण फ्रान्स आणि इटली यांची सीमा म्हणतो ती त्या वेळी या लोकांच्या मधोमध नव्हती. खिंडीच्या दोन्ही बाजूंची गावे एकाच करारात होती आणि त्यांच्यातला व्यापार खिंडीवरूनच चाले. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने पूर्वेकडील तीन गट सव्हॉय या शेजारच्या राज्याकडे गेले, आणि उरलेल्यांचे हक्क १७८९ च्या क्रांतीत संपले.

आता शिक्षण. कराचा हिशेब, कुरणांचे वाटे आणि पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवायच्या तर अक्षरओळख लागतेच. शिवाय बर्फामुळे अर्धे वर्ष शेतीचे काम नसल्याने मुलांना शिकवायला वेळ होता. परिणाम असा की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या दऱ्यांतून शिक्षक बाहेर जात. शरद ऋतूतील बाजारांत हे फिरते मास्तर टोपीत पीस खोवून उभे राहात : एक पीस म्हणजे वाचन-लेखन शिकवतो, दोन म्हणजे गणितही, आणि तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. सखल प्रदेशातील गावे त्यांना हिवाळ्यापुरते कामावर ठेवत आणि उन्हाळ्यात ते गवत कापायला घरी परतत. सँ-व्हेराँमध्ये प्रोटेस्टंट पंथाची वस्तीही बरीच होती आणि त्या पंथात बायबल स्वतः वाचण्याला महत्त्व असल्याने तोही एक हातभार लागला. १६८५ मध्ये राजाने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर अनेक कुटुंबे देश सोडून गेली, तरी गावात त्यांचे लहानसे प्रार्थनागृह आजही आहे.

दारिद्र्य मात्र खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. साक्षर माणूसही रायची काळी भाकरच खात होता.

प्रश्न : आज गावात किती लोक राहतात आणि ते काय करतात?

उत्तर : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकसंख्या आठशेच्या पुढे होती, आज ती दोनशेच्या आसपास आहे. रेल्वे आणि कारखाने आल्यावर माणसे खाली उतरली आणि दोन महायुद्धांनी उरलेल्यांतूनही वाटा घेतला. गळती थांबली ती पर्यटनामुळे. हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा खेळ आणि उन्हाळ्यात पायी भटकंती यांवर बहुतेक घरांची मिळकत आहे, आणि एकाच माणसाने ऋतूप्रमाणे दोन-तीन कामे करणे ही तिथली सर्वसाधारण रीत आहे : हिवाळ्यात खेळाडूंना उतारावर वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांचे काम पाहणारा उन्हाळ्यात सुतार किंवा वाटाड्या असतो. कोरीव लाकडी पेट्या व खेळणी ही केरासची जुनी कारागिरी अजून चालू आहे, आणि खोऱ्यात दुधाचे निळ्या बुरशीचे चीज होते.

मेंढ्यांचे कळप मात्र बहुतांशी बाहेरचे असतात. दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हान्सच्या तापलेल्या मैदानांतून ते जूनमध्ये वर चढतात आणि शरद ऋतूत उतरतात. पूर्वी हा प्रवास पायी कित्येक दिवसांचा होता, आता मालमोटारी आहेत. गावाचे नावही याच वाटेवरून आले आहे असे कथा सांगते. सहाव्या शतकातील, प्रॉव्हान्समधल्या काव्हायाँचा बिशप संत व्हेराँ याने एका अजगरासारख्या राक्षसाला जखमी केले, तो आल्प्सकडे उडाला आणि त्याच्या रक्ताचे थेंब जिथे जिथे पडले ती ठिकाणे मेंढपाळांचे मुक्काम झाली. राक्षसाच्या वाटेचा आणि मेंढ्यांच्या वाटेचा नकाशा एकच निघावा, हा योगायोग नव्हे.

प्रश्न : दोनशे वस्तीच्या गावाला स्वतःचा मेअर कशाला? आजारपण आणि मुलांच्या शाळेचे काय होते?

उत्तर : फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अशीच लहान आहेत. १०० ते ४९९ वस्तीच्या कम्यूनच्या सभेत ११ जागा असतात, सभासद सहा वर्षांसाठी निवडले जातात आणि ते आपल्यातून मेअर निवडतात. रस्त्यावरचे बर्फ काढणे, बांधकामाला परवानगी आणि कुरणांचे भाडे यांपासून तिरंगी पट्टा घालून लग्न लावण्यापर्यंत सर्व काम त्याच्याकडे येते. बांधकामाबाबत १९८५ चा डोंगरी प्रदेशांचा कायदा आणि १९७७ मध्ये स्थापन झालेले केरासचे प्रादेशिक निसर्ग उद्यान या दोन्हींचे लगाम त्याच्यावर असतात.

मोठ्या मुलांची माध्यमिक शाळा गिलेस्त्रला आणि उच्च माध्यमिक शाळा ब्रिआंसोंला, त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षी अनेक मुलांना आठवडाभर वसतिगृहात राहावे लागते. तातडीच्या आजारासाठी १५ या क्रमांकावर दूरध्वनी करतात आणि रस्ता बंद असेल किंवा माणूस डोंगरात अडकला असेल तर हेलिकॉप्टर येते. वाऱ्यात किंवा दाट हिमवर्षावात ते उडत नाही, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि तिथे एक आठवडा घालवू इच्छितो. केव्हा जावे, कसे पोहोचावे आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : पायी फिरायचे असेल तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. मे आणि नोव्हेंबर हे दोन हंगामांमधले महिने असून तेव्हा बहुतेक मुक्कामाची ठिकाणे बंद असतात. रेल्वेने माँदोफँ-गिलेस्त्र या स्थानकावर उतरून तिथून बसने वर जाता येते. पॅरिसहून ब्रिआंसोंला जाणारी रात्रीची गाडी या स्थानकावर थांबते. इटलीकडून २,७४४ मीटर उंचीच्या अन्येल खिंडीतून येणारा रस्ता हिवाळाभर बंद असतो. स्वतःच्या मोटारीने जाणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगरी भागात हिवाळी टायर लावणे किंवा साखळ्या जवळ बाळगणे बंधनकारक आहे, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत पाहुण्यांनी गाडी गावाच्या वेशीवरच ठेवून चालत आत जायचे असते.

पहिले दोन दिवस चढण टाळावी. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे ७८ टक्केच असतो आणि पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे दम लागतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो. १६ जुलैला गावात असाल तर वर २,४०० मीटरच्या आसपास असलेल्या क्लोझी येथील प्रार्थनास्थळाची यात्रा चुकवू नये. तिला सीमेपलीकडील इटालियन गावांतूनही लोक येतात. वाटेत मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबून वळसा घालावा. १९९२ पासून लांडगे फ्रान्समध्ये परतले आहेत आणि कळपाबरोबर ‘पातू’ नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. तो भुंकत आला तर पळू नये, काठी उगारू नये आणि लाडाने हातही लावू नये. थांबावे, त्याला हुंगून घेऊ द्यावे आणि तो परत फिरला की सावकाश पुढे निघावे.